पासपोर्टचा पहिला अर्ज : ओळख, हमी आणि अधिकार यांचा इतिहास

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर बखरी, ताम्रपट, शिलालेख, दप्तरखान्यातील रुमाल आणि फार तर जुनी वृत्तपत्रे येतात. सरकारी कचेरीत भरून द्यावयाचा छापील अर्ज हेही इतिहासाचे साधन होऊ शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः अशा अर्जातील प्रत्येक रकाना हा राज्यसंस्थेने माणसाला विचारलेला प्रश्न असतो. तो प्रश्न केव्हापासून विचारला जाऊ लागला, कोणाला विचारला गेला आणि कोणाला विचारण्याची गरज भासली नाही, या सर्वांना इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात पासपोर्टच्या अर्जाकडे, त्यातही आयुष्यात प्रथमच पासपोर्ट मागणाऱ्या व्यक्तीच्या अर्जाकडे, या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम अर्जदाराचाच विचार का, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्याच्याजवळ जुना पासपोर्ट आहे त्याची ओळख राज्यसंस्थेने एकदा मान्य केलेली असते. प्रथम अर्जदाराजवळ तसा आधार नसतो. आपण कोण, कोठले, कोणाचे, हे त्याला अन्य कोणाच्या तरी साक्षीने पटवून द्यावे लागते. ही साक्ष कोणाची ग्राह्य धरावयाची, म्हणजेच अर्जदाराची हमी कोणी घ्यावयाची, हा पासपोर्टच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पासपोर्टवरील बहुतेक लेखन प्रवासस्वातंत्र्याच्या घटनात्मक चर्चेभोवती फिरते. ती चर्चा महत्त्वाची असली तरी न्यायालयाने मान्य केलेला अधिकार अर्जाच्या रकान्यातून पार होतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

संज्ञेविषयी एक खुलासा. शासनव्यवहारात 'पारपत्र' हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न झाला. परंतु लोकांनी 'पासपोर्ट' हाच शब्द स्वीकारला. येथेही तोच वापरला आहे.

कागदाविना प्रवास आणि कागदासह प्रवास :

मराठी मुलखाला प्रवासाचे परवाने अपरिचित नव्हते. पेशवाईत राहदारीचे परवाने होते, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची दस्तके होती. मात्र त्यांचा रोख मुख्यतः माल, जकात आणि गलबते यांवर होता. प्रत्येक माणसाची व्यक्तिशः ओळख पटवून त्याला देशाबाहेर जाऊ देणे ही कल्पना त्यात नव्हती. एकोणिसाव्या शतकातही हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्या सर्वसाधारण प्रवाशावर पासपोर्टची सक्ती नव्हती.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना अडवणारी सत्ता सरकारची नव्हती, समाजाची होती. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले आणि आपण अमेरिकेस का जातो, येथेच का शिकत नाही, बहिष्काराची भीती वाटत नाही काय, अशा शंकांना एकेक करून उत्तरे दिली. अठरा वर्षांच्या विवाहित स्त्रीने परदेशगमनाची कारणे चारचौघांसमोर मांडावीत, हा एका अर्थी अर्जच होता. फरक एवढाच की तो मंजूर वा नामंजूर करणारा अधिकारी कचेरीत बसलेला नव्हता. समुद्रगमनाचा निषेध, प्रायश्चित्त आणि जातीबाहेर टाकण्याची धमकी ही त्या काळची परवाना पद्धती होती. त्यानंतर तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी गेले तेव्हाही पासपोर्टची सक्ती सुरू झालेली नव्हती. पुढे त्यांनी अस्पृश्यतेच्या स्वानुभवांची जी इंग्रजी टिपणे लिहिली, ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाली. मायदेशातील अनुभवांच्या टिपणांवर 'व्हिसा' हा शब्द असावा, यातील मर्म वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि त्या काळी सर्वच भारतीय कागदाविना जात होते, असे समजणे चुकीचे ठरेल. गिरमिटिया मजुरांना कागद घ्यावाच लागे. १८३४ नंतर मॉरिशसकडे आणि पुढे इतर वसाहतींकडे मजूर नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी व आसपासच्या भागातील मराठी भाषकही होते, आणि त्यांच्या वंशजांचा मराठी समाज तेथे आजही आहे. कलकत्ता बंदरातून वसाहतींकडे पाठविलेल्या मजुरांचे 'एमिग्रेशन पास' उपलब्ध आहेत. त्यांवरील रकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत : नाव, बापाचे नाव, वय, जात, जवळच्या नातलगाचे नाव, विवाहित असल्यास कोणाशी, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खुणा. आजच्या पासपोर्ट अर्जात जात नाही; पण वडिलांचे नाव, पती वा पत्नीचे नाव, गाव, पोलीस ठाणे आणि ठळक दिसणारी ओळखखूण हे सर्व आहे. एकातून दुसरे थेट उतरले असा दावा करण्याइतका पुरावा हाताशी नसला, तरी हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुसरा वर्ग हज यात्रेकरूंचा. मुंबई हे त्यांचे प्रमुख बंदर होते. पटकीच्या साथी आणि निष्कांचन यात्रेकरू हेजाजमध्ये अडकून पडण्याचे प्रकार यांमुळे १८८० च्या दशकात सरकारने यात्रेकरूंसाठी पासपोर्ट देण्याची व्यवस्था केली, तर १८८६ मध्ये त्यांच्या प्रवासाचे काम टॉमस कुक कंपनीकडे सोपविले. तिसरा वर्ग परदेशी जाणाऱ्यांचा नव्हेच. देशातल्या देशात फिरणाऱ्यांचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ च्या विस्तारित स्वरूपाने अनेक भटक्या जमातींच्या हालचालींवर नियंत्रण आणले. हजेरी, पास आणि वसाहतीबाहेर जाण्यासाठी परवानगी हे त्यांच्या जीवनाचे अंग झाले. सोलापूरच्या 'सेटलमेंट'ची आठवण तेथील जुन्या पिढीत दीर्घकाळ होती.

या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतिष्ठित प्रवासी कागदाविना जात होता. गरीब, मजूर आणि संशयित यांना मात्र कागद बाळगावा लागत होता. पुढे पासपोर्ट सर्वांनाच लागू झाला तेव्हा हे नाते उलटे झाले, आणि ज्याला तो मिळे तो प्रतिष्ठित मानला जाऊ लागला.

महायुद्ध आणि पासपोर्टची सक्ती :

पहिल्या महायुद्धाच्या काळात भारत संरक्षण कायद्याखाली देशातून बाहेर जाण्यास व आत येण्यास पासपोर्ट आवश्यक ठरविण्यात आला. युद्धकालीन उपाय म्हणून आलेली ही सक्ती युद्धाबरोबर संपली नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये पॅरिस येथे राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने परिषद भरली आणि बत्तीस पानी पुस्तिकेचा आंतरराष्ट्रीय नमुना सुचविण्यात आला. त्याच वर्षी इंडियन पासपोर्ट ॲक्ट संमत झाला. हा कायदा देशात येणाऱ्यांविषयी होता. जाणाऱ्यांविषयी नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. बाहेर जाणाऱ्याला पासपोर्ट द्यावा की नाही, हे कोणत्याही कायद्याने नव्हे, तर राजसत्तेच्या मर्जीने ठरत होते.

या मर्जीचा अनुभव महाराष्ट्राला लवकरच आला. १९१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये लोकमान्य टिळक, न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे आदी मंडळी होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला निघाली. कोलंबो येथे पोहोचल्यावर त्यांचे पासपोर्ट रद्द झाल्याचे कळले आणि शिष्टमंडळाला परत फिरावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिळकांना चिरोल खटल्यासाठी जाण्याची परवानगी मिळाली. मात्र राजकीय चळवळीत भाग न घेण्याच्या अटीवर. माणूस तोच, प्रवासाचे ठिकाण तेच. एका हेतूसाठी जाता येत नाही, दुसऱ्यासाठी येते. टिळकचरित्रांत या घटनेची नोंद ब्रिटिशांच्या दडपशाहीचे आणखी एक उदाहरण म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. परंतु पासपोर्टच्या इतिहासात तिला अधिक मूलभूत स्थान द्यावे लागते. पासपोर्ट म्हणजे ओळखीचा दाखला एवढेच नसून प्रवासाच्या हेतूवरील नियंत्रण आहे, हे त्यातून प्रथमच ठळकपणे दिसले.

दोन महायुद्धांच्या दरम्यान अर्जदाराची हमी ही प्रामुख्याने प्रतिष्ठेची आणि पैशाची हमी होती. परदेशात निर्धन होऊन पडलेल्या प्रजाजनाला सरकारी खर्चाने परत आणावे लागू नये, ही नोकरशाहीची मोठी चिंता होती. राधिका सिंघा यांनी या काळावरील आपल्या संशोधनात, वसाहतीतील पासपोर्ट हा सन्माननीय प्रवासी आणि मजूर यांच्यात भेद करण्याचे साधन कसा झाला, हे दाखविले आहे. संस्थानी मुलखातील अर्जदाराची स्थिती आणखी वेगळी होती. कोल्हापूर, सांगली वा औंधचा रहिवासी कायद्याने ब्रिटिश प्रजाजन नव्हता. तो 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' होता. सातारा जिल्ह्यातील मनुष्य आणि औंध संस्थानातील मनुष्य यांच्या शेतांत एका बांधाचे अंतर असले, तरी पासपोर्टवरील त्यांचा दर्जा भिन्न होता.

पासपोर्ट नसण्याचे परिणाम खलाशांनी भोगले. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर कोकणी मुसलमान आणि गोमंतकीय खलाशी मोठ्या संख्येने होते. त्यांच्याजवळ बोटीवरील नोकरीची कागदपत्रे असत, पासपोर्ट नसे. १९२५ मध्ये ब्रिटनने कृष्णवर्णीय परकीय खलाशांविषयी आदेश काढला. त्याच्या अंमलबजावणीत, आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदाने सिद्ध करता न आलेल्या अनेक हिंदी खलाशांचीही नोंद 'परकीय' म्हणून झाली. पिढ्यानपिढ्या ब्रिटिश बोटी चालविणारा माणूस एका कागदाच्या अभावी ब्रिटिश बंदरात परका ठरला.

मर्जीकडून अधिकाराकडे :

फाळणीनंतर १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट पद्धत आणि १९५२ मध्ये दोन्ही देशांदरम्यान पासपोर्ट पद्धत सुरू झाली. त्यामुळे ज्यांनी कधी परदेशी जाण्याचा विचारही केला नव्हता अशा असंख्य सामान्य माणसांना, केवळ नातलगांना भेटण्यासाठी, पहिला पासपोर्ट मागावा लागला. हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पासपोर्ट व व्हिसा हा विषय संघसूचीत १९ व्या क्रमांकावर आहे. विसाव्या क्रमांकावर परदेशातील तीर्थयात्रा आहेत. वसाहतकाळातील यात्रेकरूंच्या प्रश्नाचा धागा या शेजारात दिसतो. विषय केंद्राचा असला तरी काही काळ पासपोर्ट राज्य सरकारांमार्फतच दिले जात होते. १९५४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर येथे पहिली पाच प्रादेशिक कार्यालये उघडली. चार महानगरांच्या पंक्तीत नागपूर पाहून आज आश्चर्य वाटते. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे लक्षात घेतले की उलगडा होतो. पुणे, नाशिक वा मराठवाड्यातील अर्जदाराला मात्र दूरच्या कचेरीशी टपालाने व्यवहार करावा लागे.

स्वातंत्र्य मिळाले तरी पासपोर्ट हा नागरिकाचा अधिकार झाला नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनकडे जाऊ पाहणाऱ्या अल्पशिक्षित व श्रमिक अर्जदारांना पासपोर्ट देण्याबाबत भारत सरकारने स्वतःच हात आखडता घेतला. परदेशात देशाची प्रतिमा मलिन होऊ नये, ही त्यामागील एक भूमिका होती. कलात्मिका नटराजन यांनी या धोरणामागील जात-वर्गीय दृष्टी आणि गिरमिट पद्धतीची सावली यांचे विवेचन केले आहे. ते वाचताना साहेबाची कचेरी गेली, पण 'योग्य प्रवासी' कोण याची साहेबी कल्पना टिकून राहिली, असे म्हणावेसे वाटते.

या मर्जीला न्यायालयांतून आव्हान मिळू लागले. म्हैसूर, केरळ आणि मुंबई उच्च न्यायालयांनी परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. दिल्ली उच्च न्यायालयाने विरुद्ध मत दिले. अखेर सतवंतसिंग साहनी यांच्या याचिकेवर १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला. परदेशी जाण्याचा अधिकार हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असून कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय तो हिरावून घेता येत नाही, असा त्याचा आशय होता. असा कायदाच अस्तित्वात नव्हता! सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, आणि सरकारला मे महिन्यात अध्यादेश काढावा लागला. २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने अर्ज, नकाराची कारणे, जप्ती आणि अपील यांची चौकट घालून दिली. नकाराची कारणे कलम ६ मध्ये मर्यादित झाली आणि ती लेखी नोंदविण्याचे बंधन आले. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात तर पासपोर्ट जप्तीचे कारण न सांगण्याच्या निर्णयातूनच अनुच्छेद २१ चा अर्थ विस्तारला : पद्धत केवळ कायद्यात असून भागत नाही, ती न्याय्य, उचित व वाजवी असावी लागते. आपल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा खटला जीविताच्या हक्काचा खटला म्हणून शिकविला जातो. त्याचा प्रारंभ एका पासपोर्टपासून झाला, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास तो त्यांच्या अधिक लक्षात राहतो, असा अनुभव आहे.

रकान्यांचा इतिहास :

१९६७ नंतर मर्जीचा प्रश्न बराचसा निकालात निघाला. परंतु हमीचा प्रश्न अर्जाच्या रकान्यात जाऊन बसला. तो तेथे कसा दिसतो, हे पाहणे आवश्यक आहे.

पहिला रकाना नावाचा. अर्जात नाव आणि आडनाव असे दोन भाग आहेत. मराठी रीत तीन पदांची : स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव. मधले नाव कोठे लिहावयाचे, हा प्रथम अर्जदाराला पडणारा पहिलाच प्रश्न असतो. विवाहानंतर ज्या स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, आणि प्रसंगी सासरी पहिले नावही, तिची शाळेतील नोंद, शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्र ही जणू तीन वेगळ्या स्त्रियांची कागदपत्रे असतात. त्यातच मराठी नावाच्या रोमन लेखनाला एकच एक पद्धत नाही. एखाद्या अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतो. कागदांनी एकमेकांची साक्ष द्यावी अशी ही व्यवस्था; आणि कागदांचेच परस्परांत पटत नाही.

दुसरा रकाना जन्मतारखेचा. जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वीच्या, आणि ग्रामीण भागात त्यानंतरच्याही, अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरविलेली असते. १ जून ही तारीख महाराष्ट्रातील दाखल्यांवर इतक्या वेळा आढळते की तिला गुरुजींनी बहाल केलेला सामुदायिक वाढदिवसच म्हणावे लागेल. आपल्या प्राध्यापकवर्गातील ज्येष्ठांपैकी कितीजण एकाच दिवशी सेवानिवृत्त झाले, हे आठवून पाहावे. शाळा सोडल्याचा दाखला हा अशा रीतीने गुरुजींनी दिलेल्या हमीचाच लेखी अवशेष आहे. पासपोर्टच्या नियमांत २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना मात्र जन्मदाखलाच सक्तीचा होता. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही त्यांची यामुळे कोंडी होत असे. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट शिथिल होऊन शाळेचा दाखला, पॅन कार्ड, आधार इत्यादी पर्याय मान्य झाले. २०२५ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पुन्हा केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरण्यात आला.

तिसरा रकाना आईवडिलांच्या नावांचा. परित्यक्ता स्त्रीने एकटीने वाढविलेल्या मुलाला, ज्याने कधी जबाबदारी घेतली नाही अशा पित्याचे नाव लिहिण्यास सांगणे किती क्लेशकारक असेल, याची कल्पना करता येते. २०१६ च्या त्याच सुधारणांत आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले, विवाह प्रमाणपत्राची आवश्यकता राहिली नाही, आणि साधूसंन्याशांना आईवडिलांच्या जागी गुरूचे नाव लिहिण्याची मुभा मिळाली. नोटरीसमोर करावयाच्या प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणा मान्य झाली. हमीच्या इतिहासात ही घटना लहान नाही. दंडाधिकारी, प्रतिष्ठित गृहस्थ, सनदी अधिकारी यांच्या सहीवर चालणारी व्यवस्था अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दावर, काही बाबतींत का होईना, विश्वास ठेवू लागली. विद्यार्थ्यांच्या कागदांवर साक्षांकनाच्या सह्या करण्यात आपल्यापैकी ज्यांच्या दुपारी गेल्या आहेत, त्यांना या बदलाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

शिक्षणाचा रकाना वरवर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात तो गिरमिटच्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे. १९२२ च्या व पुढे १९८३ च्या स्थलांतर कायद्यांचा उद्देश परदेशी जाणाऱ्या श्रमिकाची फसवणूक टाळणे हा होता. दहावी उत्तीर्ण नसलेल्या अर्जदाराच्या पासपोर्टवर, आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना स्थलांतर तपासणी आवश्यक असल्याची नोंद याच उद्देशाने होऊ लागली. संरक्षणाचा हेतू प्रामाणिक मानला तरी त्यासाठी वापरलेली खूण शैक्षणिक, आणि म्हणून सामाजिक आहे. जानेवारी २०१८ मध्ये अशा व्यक्तींना नारिंगी वेष्टनाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे सरकारने जाहीर केले. दहावी न झालेला माणूस विमानतळावर दुरूनच ओळखू यावा, असा हा प्रकार असल्याची टीका झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो विचार सोडून देण्यात आला. पासपोर्टच्या आतील नोंद मात्र कायम राहिली. संरक्षण आणि वेगळेपणाचा शिक्का यांतील अंतर किती कमी आहे, हे या अठरा-वीस दिवसांच्या प्रकरणाने दाखविले.

याच संदर्भात गोमंतकाचा उल्लेख केला पाहिजे. तेथे प्रथम अर्ज भारतीय पासपोर्टसाठीच असेल असे नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज कायद्यानुसार पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करू शकतात. त्यासाठी आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज काळातील नोंद शोधावी लागते. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने, एका जुन्या नोंदवहीतील ओळ कुटुंबातील तरुणाला एका देशातून दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वात नेते. कोकणातून त्याच आखाती देशांत जाणाऱ्या दहावी नापास तरुणाची आणि लिस्बनच्या कागदावर युरोपात जाणाऱ्या गोमंतकीय तरुणाची तुलना केली, तर प्रवासाची संधी व्यक्तीच्या योग्यतेपेक्षा पूर्वजांच्या दप्तरावर किती अवलंबून आहे, हे कळते.

पत्ता आणि पोलीस पडताळणी :

२०१० पासून पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली आणि अर्ज संगणकावर भरण्याची व भेटीची वेळ आधी ठरविण्याची पद्धत आली. जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांतही ही केंद्रे उघडू लागली. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणचा अर्जदार महानगराची वारी न करता अर्ज देऊ शकतो. २०१८ मध्ये देशात कोठूनही अर्ज करण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये चिप असलेल्या ई-पासपोर्टचा प्रायोगिक प्रारंभ झाला, त्यात नागपूर कार्यालय होते. १९२० चा प्रवेशविषयक कायदाही २०२५ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. दलालांचे प्रस्थ कमी करण्यात या सुधारणांचा वाटा निर्विवाद आहे.

तरीही प्रथम अर्जदाराच्या बाबतीत सर्वसाधारणपणे एक टप्पा चुकत नाही, तो म्हणजे पोलीस पडताळणीचा. अर्जात दिलेल्या पत्त्यावर चौकशी होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी दोघांची नावे द्यावी लागतात, आणि अर्जदारावर गुन्हा प्रलंबित आहे काय ते पाहिले जाते. कलम ६(२)(फ) नुसार भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असल्यास पासपोर्ट नाकारता येतो. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने न्यायालयाच्या परवानगीने मार्ग काढण्याची सोय केली. मोर्चात सामील झाल्याबद्दल गुन्हा दाखल झालेल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नसते. त्याला ते पहिला अर्ज करतानाच कळते.

ही पडताळणी गृहीत काय धरते? अर्जदाराला एक निश्चित पत्ता आहे, त्या पत्त्यावर तो पुरेसा काळ राहिला आहे, आणि शेजारी त्याला ओळखतात. पारधी, कैकाडी, वडार किंवा गोसावी कुटुंबातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला या तिन्ही गोष्टी सहज दाखविता येतीलच असे नाही. पाल ज्या गावाबाहेर पडले त्या गावाने त्याला आपले मानलेले नसते. बापाच्या जन्माची नोंद नसते, आजोबाची नोंद असलीच तर ती सेटलमेंटच्या हजेरीपटात असते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या जमातींतील तरुण आज परदेशी शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरतो, आणि शिष्यवृत्तीच्या पत्रानंतर त्याला पासपोर्टचा अर्ज करावा लागतो. त्या अर्जाची चौकशी ज्या ठाण्याकडे जाते, त्या ठाण्याने त्याच्या आजोबाला कदाचित गाव सोडताना पास मागितलेला असतो. अर्जात दोन संदर्भ व्यक्तींची नावे लिहिण्याची जागा असते. अशा विद्यार्थ्याला तेथे लिहिण्यासाठी गावातले नाव सापडत नाही, तेव्हा तो महाविद्यालयात येतो.